पाचगणीच्या वसतिगृहात लेकीला पाठवताना

पाचगणीतलं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ सालचं, डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या सिस्टर्सनी सुरू केलेलं. अशा मुलींच्या शाळेत एकाच बाकावर गावातली डे-स्कॉलर आणि वसतिगृहातली बोर्डर शेजारी बसतात. डे-स्कॉलरचा भिजलेला स्वेटर आई रात्री वाळत घालते. बोर्डरचं सगळं मात्र ट्रंक भरतानाच ठरतं, आणि पालक नेमके तिथेच कमी पडतात.

महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीत पाऊस बराच कमी. तरी जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट, की जाड सुती कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. म्हणून मोजे आणि आतले कपडे शाळेच्या यादीपेक्षा दोन-तीन जोड जास्तच द्या. शाळेचे बूट दोन जोड हवेत, आलटून पालटून घालायला. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ओले झाले की बदलायचे. बूट हीटरजवळ ठेवला तर चामडं तडकतं, बंद कपाटात ठेवला तर बुरशी धरते. नवे बूट आधी पंधरा दिवस घरात वापरू द्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात टाचेला फोड.

मार्करने लिहिलेलं नाव धुण्यात पुसट होतं. नावाची विणलेली पट्टी चारही बाजूंनी शिवा. नुसती दोन टोकं टाचली तर ती कशाततरी अडकून उसवते. मोज्यांवरही शिवा, सगळ्यात आधी तेच हरवतात.

केसांचं मनावर घ्याच. लांब केस नीट वाळत नाहीत, आणि खोलीत एकीला उवा झाल्या की सगळ्यांना होतात. १ टक्का परमेथ्रिनचं लोशन लावलं तरी काही लिखा टिकतात, म्हणून ९-१० दिवसांनी ते पुन्हा लावावं लागतं. स्वतःची वेणी घालता येत नसेल तर केस खांद्यापर्यंत कापून पाठवणं बरं.

पाळी आली नसली तरी नऊ-दहा वर्षांच्या मुलीला सगळं समजावून, पॅड लावून दाखवूनच पाठवा. पॅडचं एक पाकीट आणि दोन गडद निकर वेगळ्या पिशवीत द्या. पहिल्यांदा डाग दिसला तर कुणाला सांगायचं, हे मेट्रनला भेटवून तिच्यासमोरच ठरवा. एवढं केलं नाही तर पोर दिवसभर बाथरूममध्ये रडत बसते आणि कुणाला कळतही नाही.

औषधं ट्रंकेत नकोत; चिठ्ठीसह मेट्रनच्या हाती द्या.