बारावी थाप

जानेवारीचा पहिला आठवडा. दोन दिवस बर्फ कोसळून तिसऱ्या दिवशी अफरवट डोंगरावर लख्ख ऊन पडलं होतं. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. तिथून राखलेली वाट सोडून बाहेरच्या उतारांवर गेलं, की जबाबदारी आपापली. माझ्यासोबत नाशिकचे पाच जण होते. वर्षभर पैसे साठवून आलेले, स्की छान करणारे.

रात्रभर वारा होता. त्याने धारेपलीकडचा बर्फ उचलून आमच्या बाजूला थापला होता. दिसायला गुळगुळीत, पण पावलाखाली जरा पोकळ वाजणारा. उतार मोजला, 36 अंश. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात आणि स्कीची खरी मजाही तिथेच.

शेजारच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या छोट्याशा उतारावर बर्फाचे थर तपासायला खड्डा खणला. एकूण बर्फ 95 सेंटीमीटर. वरचे 70 घट्ट. खालचा थर हातमोज्यावर घेतला, तर अगदी साखर! मूठ आवळली तरी गोळा होईना, बोटांतून सरसर गळून गेला. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ निरभ्र, कडाक्याच्या रात्री उघडा पडून राहिला, की जमिनीच्या उबेने बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि दाणे असे सुटे होतात. वर कितीही नवा बर्फ पडो, त्याला खाली धरून ठेवणारं काही उरत नाही.

फूटभर रुंदीचा बर्फाचा खांब कापून सुटा केला, माथ्यावर फावड्याचं पातं ठेवलं. मनगटातून दहा थापा मारल्या. काही नाही. मग कोपरातून. दुसऱ्याच, म्हणजे बाराव्या थापेला वरचा अख्खा ठोकळा निसटून माझ्या मांडीवर आला.

"सर, नीचे कुछ नहीं है," माझा काश्मिरी जोडीदार हळूच म्हणाला. तो याच डोंगराखाली वाढलाय.

"परत फिरू या," मी म्हणालो.

"अरे, बीकन आहेत ना सगळ्यांकडे?" गटातले काका चिडले.

"काका, बीकनच्या सिग्नलमुळे माणूस फक्त सापडतो. गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर आशा असते, पुढे ती झपाट्याने संपते. मीटरभर दाबलेला बर्फ उपसायलाच तेवढा वेळ जातो."

कोणी काही बोललं नाही. परतताना सपाटीवर पायाखालून 'हुम्म' असा दबका आवाज आला, अख्खी जागा बोटभर खचली. काका जागच्या जागी थांबले.

दुपारी गंडोलाच्या मधल्या, कोंगडोरीच्या स्टेशनवर चहा घेत होतो. त्याच उतारावरून चार अनोळखी मंडळी एकामागून एक उतरताना दिसली. काही झालं नाही.

"बघितलंस?" काका म्हणाले.

मी मान हलवली. चौघंही खाली पोचेपर्यंत मला चहाचा घोट घेववला नाही.