तुम्ही विचारलंत म्हणून : मार्टिनोबाईंच्या ग्रंथांआधी त्यांचे गाव का?

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो यांच्याविषयी बोलण्याचा प्रसंग आला की श्रोत्यांपैकी कोणीतरी मला हमखास विचारते : जिने अर्थशास्त्र सामान्य वाचकांपर्यंत नेले, अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध लेखणी चालवली आणि समाजशास्त्राच्या आरंभकाळात जिचे नाव आज आदराने घेतले जाते, त्या लेखिकेचे ग्रंथ बाजूला ठेवून तुम्ही सरोवराकाठच्या एका लहान गावातील मजुरांच्या घरांविषयीच का सांगत बसता? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, बाईंनी ग्रंथांत जो हिशेब मांडला तोच त्यांना त्या गावात शेजाऱ्यांच्या देखत करून दाखवावा लागला, आणि लेखकावर अशी वेळ क्वचितच येते.

त्यांचा जन्म १८०२ साली इंग्लंडमधील नॉरिच शहरातील एका कापड-कारखानदाराच्या घरात झाला. तरुणपणीच कानांनी दगा दिला. पुढे ऐकण्यासाठी कानाला कर्णा लावल्याशिवाय संभाषण अशक्य झाले. १८२९ मध्ये घरचा व्यवसाय बुडाला, तेव्हा शिवणकाम आणि लेखन यांवर त्यांनी पोट भरले. १८३२ पासून दोन वर्षे दरमहा गोष्टींच्या रूपाने अर्थशास्त्र समजावून देणाऱ्या त्यांच्या पुस्तिका निघाल्या आणि लेखिका एकाएकी प्रसिद्ध झाली. मग अमेरिकेचा प्रवास, मग १८३९ ते १८४४ अशी पाच वर्षे आजारपणात, त्यातला बहुतेक काळ ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरील टाइनमथ गावी अंथरुणावर. त्यातून आपण मेस्मेरिझममुळे, म्हणजे संमोहनासारख्या एका उपचारामुळे, उठलो असे त्या सांगत. त्यांच्या या निष्कर्षावर माझा विश्वास नाही. पण त्या उठल्या, एवढे खरे.

उठल्यावर त्या ॲम्बलसाइडला आल्या. विंडरमियर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर, आणि त्याच्या उत्तर टोकाशी हे गाव. तेथे त्यांनी स्वतःच्या कमाईतून ‘द नोल’ नावाचे घर बांधले आणि १८४६ मध्ये त्या तेथे राहू लागल्या. कवी वर्ड्सवर्थ जवळच रायडलला राहत असत. त्यांनी बाईंच्या बागेत एक झाड लावले आणि व्यवहारी सल्लाही दिला, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा द्यावा, त्याहून अधिक हवे असेल तर त्यांनी पैसे मोजावेत. सरोवरांच्या या प्रदेशात रेल्वे येऊ नये असे वर्ड्सवर्थ यांना वाटे. मार्टिनोबाईंना मात्र ती हवी होती, कारण निसर्गशोभा ही काही मोजक्या लोकांची खासगी मालमत्ता आहे हे त्यांना पटणारे नव्हते. १८४७ मध्ये गाडी विंडरमियरपर्यंत आली.

माझ्या दृष्टीने खरा मजकूर यापुढचा आहे. हिवाळ्याच्या रात्री बाई गावातील कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी व्याख्याने देऊ लागल्या. विषय होते आरोग्य, इतिहास, अमेरिका आणि दारूचे दुष्परिणाम. आरोग्यावर बोलताना मूळ दुखणे उघड झाले. माणसे दाटीवाटीने, कोंदट आणि ओलसर खोल्यांत राहत होती. अशा श्रोत्यांना स्वच्छ हवेचे महत्त्व सांगणे म्हणजे त्यांची थट्टाच होती. तेव्हा बाईंनी बिल्डिंग सोसायटीचा मार्ग धरला. एका मैत्रिणीने उसन्या दिलेल्या रकमेतून जमीन घेतली आणि तिचे तुकडे पाडले. सभासदाने ठरावीक हप्ते भरावेत, सोसायटीने त्याला घरासाठी कर्ज द्यावे आणि एरवी भाड्यात कायमची गेली असती ती रक्कम भरता भरता त्याने मालक व्हावे, अशी ही रीत. यात दानधर्म नाही. मैत्रिणीचा पैसासुद्धा परतफेडीच्या बोलीवर आलेला होता. बाईंचा कटाक्ष असा की गरिबाला उपकाराच्या ओझ्याखाली आणायचे नाही. त्याला व्याज, हप्ता आणि मालकी या गोष्टी समजल्या पाहिजेत. पुस्तिकांमधील धडा तोच होता, मात्र येथे विद्यार्थी रोज रस्त्यात भेटत होते आणि धडा चुकला तर जाब विचारू शकत होते.

शेतीचेही तसेच. दोन एकरांचा तुकडा, गाई, डुकरे, भाजीपाला आणि नॉरफकहून बोलावलेला एक मजूर, एवढ्या भांडवलावर त्यांनी लहान शेती कशी परवडते याचा जमाखर्च ठेवला आणि तो छापलाही. प्रतिष्ठित शेजाऱ्यांना हे सारे रुचले असेल असे मानू नका. त्यातच १८५१ मध्ये बाईंनी आपली धर्मश्रद्धा संपल्याचे जाहीरपणे लिहिले. सख्ख्या धाकट्या भावाने त्या लेखनावर कठोर परीक्षण लिहिले आणि दोघांचे संबंध कायमचे तुटले.

१८५५ च्या प्रारंभी डॉक्टरांनी हृदयविकाराचे निदान केले. आता फार दिवस उरले नाहीत असे मानून बाईंनी झपाट्याने आत्मचरित्र लिहिले, छापून तयार ठेवले आणि स्वतःचा मृत्युलेखही तृतीयपुरुषी लिहून ‘डेली न्यूज’ या लंडनच्या दैनिकाकडे दिला. त्या लेखात त्या स्वतःविषयी म्हणतात की तिला समजावून सांगता येई, पण नवा शोध लावता येत नसे. इतके निर्मम आत्मपरीक्षण मला तरी दुसऱ्या कोणाचे ठाऊक नाही. त्यानंतर त्या २१ वर्षे जगल्या! ‘डेली न्यूज’साठी १८५२ ते १८६६ या काळात त्यांनी सोळाशेहून अधिक अग्रलेख लिहिले, म्हणजे त्यांतले बरेचसे मृत्युलेख तयार झाल्यावरचे.

मला एक गोष्ट खटकते, तीही सांगितली पाहिजे. १८५७ च्या उठावानंतर त्यांनी हिंदुस्थानच्या कारभारावर दोन पुस्तके लिहिली. कारभार कसा असावा याची त्यांना कळकळ होती. परंतु तो इंग्रजांनी करावाच का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ज्या बाईंना ॲम्बलसाइडच्या मजुराने स्वतःच्या घराचा मालक व्हावे असे वाटत होते, त्यांना तोच नियम समुद्रापलीकडे लावावासा वाटला नाही. एका गावातील काम कितीही मोलाचे असले तरी त्यामुळे हा दोष झाकला जात नाही.

उतारवयात प्रकृती खालावल्यावरही १८६६ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठीच्या अर्जावर त्यांची सही होती. वेश्याव्यवसायाच्या संशयावरून स्त्रियांची सक्तीने तपासणी करणाऱ्या कायद्यांविरुद्ध १८६९ च्या अखेरीस फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि जोसेफीन बटलर यांच्यासह त्यांनी निषेधपत्रावर नाव घातले, आणि त्या चळवळीला पैसा मिळावा म्हणून विणकाम-भरतकाम करून ते विकायला दिले. सरकारी निवृत्तिवेतन त्यांनी पूर्वीच नाकारले होते. ज्या करदात्यांना संसदेत आवाज नाही त्यांच्या पैशावर जगणे त्यांना मान्य नव्हते. १८७३ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पुन्हा विचारले, तेव्हाही त्यांनी आभार मानून नकारच कळवला. २७ जून १८७६ रोजी त्या ॲम्बलसाइडच्या त्याच घरात वारल्या, आणि २१ वर्षे पडून असलेला मृत्युलेख ‘डेली न्यूज’ने छापला.