तुम्ही विचारलंत म्हणून: आधी अर्थमिती घ्या

अर्थशास्त्राच्या पदवीची सुरुवातीची वर्षं सरत आली की विद्यार्थी मला हमखास विचारतात: वरच्या वर्गात विषय निवडायचेत, यादी लांबलचक आहे, तर काय घेऊ? कामगार अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, गेम थिअरी (एकमेकांच्या चालींचा अंदाज घेऊन होणाऱ्या निर्णयांचा अभ्यास), पर्यावरणाचं अर्थशास्त्र. माझं उत्तर ठरलेलं आहे. यातलं आवडेल ते घ्या, पण अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासण्याचं शास्त्र, आधी घ्या. अवघड म्हणतात म्हणून ती शेवटच्या सत्रावर ढकलू नका.

सुरुवातीला आपण आकृत्या शिकतो. मागणीची रेषा, पुरवठ्याची रेषा, त्यांचा छेदबिंदू. किमान वेतन त्या बिंदूच्या वर ठेवलं की रोजगार घटतो, असं लिहिलं की गुण मिळतात. वरच्या वर्गात तीच आकृती पुन्हा फळ्यावर येते, पण आता शिक्षक विचारतात, ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ सगळा फरक या प्रश्नात आहे, आणि त्याला उत्तर देण्याची साधनं अर्थमितीत मिळतात.

मी वर्गात नेहमी घेते ते उदाहरण सांगते. 1 एप्रिल 1992 रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते 4.25 वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या 410 फास्ट फूड दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर पाहणी केली. अर्धवेळ कामगार अर्धा धरला, तर न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी 20.44 माणसं होती, ती 21.03 झाली. पेनसिल्व्हेनियात 23.33 ची 21.17 झाली. म्हणजे जिथे वेतन वाढलं तिथे रोजगार किंचित वर, आणि जिथे वाढलं नाही तिथे खाली. दोन्ही बदलांमधला फरक सुमारे 2.76. आकृतीने सांगितलेली घट दिसलीच नाही.

एवढ्यावर वर्ग सुटत नाही, खरा तास इथून सुरू होतो. पेनसिल्व्हेनियाशी तुलना का करायची? कारण वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही तसंच घडलं असतं, असं आपण गृहीत धरतोय. हे गृहीतक पटतं का? दोन्हीकडची आर्थिक स्थिती आधीपासून सारख्याच दिशेने चालली होती का? फोनवर विचारून मिळालेले आकडे कितपत भरवशाचे? पुढे न्यूमार्क आणि वॉशर या अर्थशास्त्रज्ञांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून हिशेब केला, तेव्हा त्यांना घट दिसली. कार्ड आणि क्रूगर यांनी 2000 मध्ये सरकारी नोंदी वापरून त्यांना उत्तर दिलं. हे दोन्ही लेख समोरासमोर ठेवून मुलं तावातावाने वाद घालतात, आणि तो वाद आपल्या मताचा न राहता पुराव्याचा होतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते, ही रुखरुख मला आजही आहे.

दुसरी नेहमीची शंका गणिताची. एवढं गणित कशाला? लाग्रांजची पद्धत घ्या, म्हणजे एखादी मर्यादा पाळून जास्तीत जास्त किंवा कमीत कमी मूल्य काढण्याची रीत. बहुतेक जण समीकरणं सोडवतात, त्यातला लॅम्डा हा गुणक काढतात आणि उत्तर लिहून झालं की तो विसरतात. मी तिथेच थांबवते. यंत्राचे तास मर्यादित असलेला कारखाना नफा वाढवू पाहतोय. तर लॅम्डा म्हणजे आणखी एका तासाने नफ्यात पडणारी भर. त्या तासासाठी जास्तीत जास्त किती मोजावं, हे तो सांगतो. पर्यावरणाच्या विषयात प्रदूषणावर एकूण मर्यादा घालून परवान्यांचा बाजार उभा करतात, तिथे परवान्याची किंमत हाच अर्थ घेऊन येते. हे एकदा कळलं की गणिताचा धाक बराच कमी होतो. संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्रा मात्र आधी पक्कं करा. अर्थमितीत अडखळणारी बहुतेक मुलं त्यांतच कच्ची असतात.

गेम थिअरीबद्दलही विचारतात. सिद्धता लिहायला आवडत असेल तर जरूर घ्या, आकडेवारीचा कंटाळा येतो म्हणून घेऊ नका.

बाकीचे विषय निवडताना नावापेक्षा अभ्यासक्रमाचा कागद बघा. शेवटी फक्त लेखी परीक्षा आहे, की स्वतः प्रश्न शोधून, आकडे जमवून शोधनिबंध लिहायचा आहे? निबंध असेल तर तो विषय आधी धरा. प्रश्न लहान घ्या. ‘गरिबी का हटत नाही’ हा एका सत्राचा प्रश्न नव्हे. ‘बसभाडं वाढल्यावर प्रवासी किती घटले’ हा आहे. तोही सोपा नाही. भाडं वाढलं त्याच महिन्यात सुट्ट्या लागल्या असतील तर प्रवासी नेमके कशामुळे घटले, हे वेगळं काढावं लागेल. ते कसं काढणार, हे पानभर लिहून पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना दाखवा.