सोलापूर-धाराशिव रोजची ये-जा, जुनी डिझेल गाडी आणि बँकेचा एक कागद

जुनी डिझेल गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागा आणि तिच्यावर कुठल्या बँकेचं नाव आहे का ते बघा. ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगते, कारण मला गाडी पसंत करायला फार वेळ लागला नाही, पण ती नावावर व्हायला दिवाळी उलटून सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा आली. तो सगळा वेळ एका बँकेच्या एका कागदाने खाल्ला. आजही आठवलं की डोकं तापतं.

नोकरी धाराशिवला, घर जुळे सोलापुरात. जाऊन-येऊन रोजचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात. एसटीने बरीच वर्षं काढली. मुलांच्या शाळेच्या वेळा बदलल्या आणि तेही जमेनासं झालं.

डिझेलच का, हे सगळे विचारतात. हिशोब सरळ आहे. महिन्याला तीन हजार किलोमीटर धरा. पेट्रोल गाडीने हायवेवर एसी लावून लिटरला सोळा दिले तर साधारण १८७ लिटर लागतं, म्हणजे तेव्हाच्या १०४ च्या भावाने साडेएकोणीस हजार. डिझेलने वीस दिले तर १५० लिटर, ९१ रुपयांनी पावणेचौदा हजारांच्या आत. महिन्याला जवळजवळ सहा हजारांचा फरक पडतो. पण हा फरक रनिंग आहे म्हणून आहे. ज्यांचं महिन्याचं रनिंग हजाराच्या आतबाहेर, त्यांनी डिझेलच्या नादी लागू नये, सर्व्हिसिंगलाच पैसे जातील. सीएनजीचाही विचार केला होता. निम्मी डिकी टाकी खाते, पंपावर रांग, आणि चार माणसं बसवून तुळजापूरचा घाट चढताना गाडी दमते, हे आमच्या ऑफिसातल्या एकाच्या गाडीत बसून मी स्वतः बघितलंय.

नवी गाडी बघितली नाही असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा आशा वाटली होती. सोनेट, व्हेन्यू, नेक्सॉन, थ्री एक्स ओ, सगळ्यांची डिझेल मॉडेल्स बघून आले. गाड्या चांगल्याच आहेत. पण सहा हजार वाचवायला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त हप्ता भरायचा, हे माझ्या पगारात बसत नव्हतं. म्हणून ठरवलं की पाच लाखांच्या आत, एका हातची, गावातलीच जुनी गाडी.

मारुतीने एप्रिल २०२०ला, बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले तेव्हा, डिझेल गाड्या बंद केल्या. तरी त्यांचं ते १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं इंजिन सोलापुरातला कुठलाही मेस्त्री डोळे मिटून खोलतो, आणि पार्ट दुसऱ्या दिवशी हातात पडतो. रोजच्या माणसाला हेच महत्त्वाचं. दोन हजार आरपीएमच्या खाली ते थोडं सुस्त वाटतं, गिअर एक खाली घेतला की भागतं. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च येत नाही. मेस्त्रींनी डिझायर सांगितली आणि जुळे सोलापुरातच २०१८ची मिळाली. मालक निवृत्त शिक्षक, पहिलेच मालक, सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाईलला लावलेली. मेस्त्री चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ताई, घेऊन टाका की. असली गाडी परत बघायला मिळत नाही."

मग आरसी बघितली, आणि तिच्यावर बँकेचं नाव. सर म्हणाले, "अहो, कर्ज फिटून दोन वर्षं होऊन गेली." फिटलं होतं, खरंच. पण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं नाव आपोआप जात नाही. बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि फॉर्म ३५च्या दोन प्रती, त्यावर मालकाची आणि बँकेची सही, हे आरटीओत दिल्यावरच बोजा, म्हणजे आरसीवरची बँकेची नोंद, उतरतो. तो उतरल्याशिवाय किंवा बँकेने लेखी संमती दिल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. सरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आरसीवर जिचं नाव होतं ती बँक आता उरलीच नव्हती, दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती.

लोक म्हणाले, पैसे देऊन गाडी घेऊन या, कागद येतील मागून. मी नाही म्हणाले. थोडं टोकन दिलं, शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टँपवर करार केला, आणि त्यात लिहून घेतलं की बाकीची रक्कम बोजा उतरल्यावर, आणि अमुक महिन्यापर्यंत नाही उतरला तर टोकन परत. सरांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. व्यवहारात असा माणूस समोर होता म्हणून पुढचं सगळं निभावलं.

बँकेत आम्ही दोघं गेलो. जुन्या शाखेच्या जागी नव्या बँकेची पाटी. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, हे खातं दिसत नाही. विलीनीकरणात खात्यांचे नंबर बदलले होते. सरांकडे जुन्या कर्जखात्याचा उतारा होता, शेवटी शून्य बाकी दाखवणारा, तो दाखवला. "हा जुन्या बँकेचा आहे, आमच्या सिस्टिमला चालत नाही. सोमवारी या, साहेब येतील." सोमवारी साहेब ऑडिटमध्ये. पुढच्या वेळी साहेब भेटले, त्यांनी खातं शोधून काढलं आणि मग कळलं की कर्ज बंद आहे पण सिस्टिममध्ये गाडीवरचा ताबा सोडलेला नाही. तो सोडायचं काम पुण्याच्या कार्यालयात होतं, इथून फक्त मेल जातो. मेल गेला का? "गेला असेल, बघतो." असं आठवडेच्या आठवडे चाललं. सर पंच्याहत्तरीच्या आसपासचे. त्यांना दर वेळी रांगेचा नंबर देऊन खुर्चीवर बसवून ठेवायचे आणि वरून बोलायची पद्धत अशी, जणू आम्ही उसने मागायला आलोय. स्वतःचं कर्ज व्याजासकट फेडलेल्या माणसाला असं बसवून ठेवण्याचा मला मनस्वी राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

काम हललं ते तोंडी बोलणं बंद केल्यावर. एक अर्ज लिहिला. जुना खाते नंबर, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कर्ज फिटल्याची तारीख, आणि "एनओसी व फॉर्म ३५ वर सही मिळावी" ही एकच मागणी. सोबत उताऱ्याची आणि आरसीची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का द्यायलासुद्धा का-कू झाली, पण मी काउंटरवरून हलले नाही. मग तोच अर्ज बँकेच्या तक्रार विभागाला मेल केला आणि खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. हे नुसतं धमकावणं नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तशी सोय आहे, ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. म्हणून तो आवक शिक्का सोन्याचा.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ला आदेश काढलाय की वैयक्तिक कर्ज (गाडीचं कर्जही त्यातच) पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. सरांचं कर्ज त्याच्या थोडं आधी फिटलेलं, म्हणून आम्हाला त्या पैशांचा आग्रह धरता आला नाही. पण ज्यांचं कर्ज त्यानंतर फिटलंय आणि कागद आलेले नाहीत त्यांनी हा आदेश छापून सोबत न्यावा.

मेलनंतर काही दिवसांत फोन आला, एनओसी तयार आहे. आम्ही गेलो. साहेबांनी कागद पुढे केला. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि तिथेच टेबलावर आरसी शेजारी ठेवून चेसिस नंबर एकेक अक्षर टिंब देत जुळवला. सतरा अक्षरं असतात. सगळी सतरा होती, पण शेवटच्या भागात एका शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' होता. बाकीची शून्यं उभट, आणि हा एकच गोल गरगरीत. साहेब म्हणाले, "चालतं हो मॅडम, कोण बघतंय एवढं." मी म्हटलं, साहेब, चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. हा नंबर कुठल्याच गाडीचा नाही. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कागद परत आत गेला. पुन्हा पुणे, पुन्हा वाट. पण तोच कागद घेऊन आरटीओत गेलो असतो तर तिथून परत पाठवला असता आणि एनओसीची ९० दिवसांची मुदत आमच्याच डोक्यावर चालू राहिली असती.

दुरुस्त एनओसी आली तेव्हा गड्ड्याचे दिवस होते. फॉर्म ३५ वर अधिकाऱ्याची सही होती, पण खाली नाव-हुद्द्याचा शिक्का नव्हता. तोही तिथेच बसून मारून घेतला. आणि एक पत्र मागून घेतलं की जुनी बँक अमुक तारखेला आमच्यात विलीन झाली आहे, कारण आरसीवर एक नाव आणि एनओसीवर दुसरं. ज्यांच्या आरसीवर विलीन झालेल्या बँकेचं नाव आहे त्यांनी हे पत्र एनओसीसोबतच मागावं, नंतर त्यासाठी परत हेलपाटा नको.

आरटीओचं काम त्या मानाने किरकोळ. परिवहनच्या साइटवर अर्ज, बोजा उतरवायला फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी. सरांनी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, आधीच बसवून घेतलेली होती. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नसेल तर ही कामं अडतात. ई-चलान थकलेलं आहे का तेही आधीच बघून घ्या. बोजा उतरला त्याच संध्याकाळी सरांना उरलेले पैसे दिले.

इंजिनाचं सांगायचं राहिलं. गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. डिझेलचं दुखणं थंड इंजिन चालू करतानाच कळतं. चालू झाल्यावर निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, काळा भपकारा येत असेल तर इंजेक्टर किंवा हवेचा मार्ग तपासावा लागेल. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच. कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग मात्र नको. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटरवर कमी किलोमीटर आणि चारी टायर बदललेले, असं दिसलं तर विचारा. एसी भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत तपासा. सोलापूरच्या मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत तो थकला तर धाराशिव फार लांब वाटतं.

बीएस-सिक्स डिझेल घेणार असाल तर डीपीएफचं, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरचं, नीट समजून घ्या. धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि हायवेच्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटं पळाली की जळून जाते. आपल्यासारख्या रोज हायवेवर असणाऱ्यांना अडचण नाही. पण तीच गाडी सात रस्ता ते अशोक चौक एवढीच फिरवली तर फिल्टर तुंबतो आणि तो महाग आहे. म्हणून जुनी बीएस-सिक्स डिझेल घेताना पहिला मालक ती कुठे चालवत होता हे विचारा.

विम्याचं चौदा दिवसांत करा. गाडी नावावर झाली की विमा कंपनीला लगेच कळवायचं, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियममध्ये थोडा फरक भरावा लागतो, तो हिशोबात धरा. सरांना त्यांचा फास्टॅग बंद करायला लावला, कारण एका गाडीला एकच टॅग चालतो आणि जुना चालू असेपर्यंत नवा निघत नाही. नवा निघाल्यावर वार्षिक पास घेतला. ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा तीन हजारांत दोनशे टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, असा होता. तामलवाडीला रोज दोनदा टोल लागतो, त्यामुळे माझा वर्षभर पुरणार नाही. तरी सुट्टा टोल भरण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

ऐंशी-नव्वदच्या वेगाने, एसी लावून, मला लिटरला बावीसच्या आसपास मिळतात. कंपनीने २८.४ सांगितले होते, ते चाचणीतले. शंभराच्या पुढे गेलं की आकडा भराभर उतरतो, आणि धाराशिवला पोचायला वाचतात ती पाच-सात मिनिटं. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरतो आणि वाहतूक वळवतात. त्या दिवसांत लांबून जावं लागेल, म्हणून टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवणार आहे.