ऑईल कूलर: कोअर ठरला, जागा ठरली, आता डक्टचं काम

माझ्या गाडीच्या ऑईल कूलरचा (इंजिन ऑईल हवेने गार करणारा छोटा रेडिएटर) कोअर, म्हणजे ज्यातून ऑईल फिरतं तो मुख्य भाग, एकदाचा ठरला. १९ रो (ऑईल वाहणाऱ्या एकावर एक रांगा), स्टॅक्ड प्लेट, साधारण २३५ मिमी रुंद, बसणार पुढच्या उजव्या फेंडरमध्ये (चाकावरच्या पत्र्याच्या आत) चाकाच्या पुढे, सोबत डॅश १० मापाचे होज आणि थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (इंजिन आणि ऑईल फिल्टरच्या मधे बसून ऑईल कूलरकडे वळवणारी). इथपर्यंत कसा पोचलो ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्यात ऑईल कूलरचा विषय निघाला की गप्पा लगेच "किती रो?" वर जातात. माझ्या मते रो हा शेवटचा प्रश्न आहे. आधी ऑईल खरंच किती तापतंय ते मोजा, मग हवा कुठून आत येणार आणि मुख्य म्हणजे कुठून बाहेर जाणार ते ठरवा, त्यानंतर कोअरचा साईज जवळजवळ आपोआप समोर येतो.

गाडी दोन लिटरची, टर्बो नाही, मागच्या चाकांना ड्राईव्ह, रोज वापरतो आणि जमेल तेव्हा ट्रॅकवर नेतो. कंपनीकडून ऑईल कूलर काहीच नाही.

मोजल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचा असतो, त्यावरून ऑईलचं काहीही कळत नाही, म्हणून फिल्टरपाशी वेगळा टेम्परेचर सेन्सर आणि प्रेशर सेन्सर लावून दोन्हीचा लॉग घ्यायला लागलो. रोजच्या रस्त्यावर ऑईल ९० ते १०० डिग्रीच्या मध्ये, अगदी छान. ट्रॅकवर कूलंट ९६-९८ वर स्थिर आणि ऑईल मात्र दर लॅपला थोडं थोडं चढत १३० च्या पुढे, आणि तरी थांबायचं लक्षण नाही. त्याच आरपीएमला प्रेशर सुरुवातीपेक्षा स्पष्ट कमी दिसत होतं, आणि मला खरी काळजी त्या प्रेशरच्या रेघेची वाटली.

कारण सोपं आहे. ३० ग्रेडच्या ऑईलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असायला लागते, तेच ऑईल १३० ला गेलं की साधारण सहाच्या आसपास येतं, म्हणजे बेअरिंगमध्ये जो पातळ थर धातूला धातूपासून लांब ठेवतो तोच बारीक होतो. शिवाय तापमान दर दहा डिग्री वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे ऑईल म्हातारंही लवकर होतं. चांगलं सिंथेटिक १३० थोडा वेळ सहन करतं, लगेच इंजिन बसत नाही, पण दर सेशनला तिथेच राहायचं असेल तर ते मला नको. ग्रेड जाड करून ४० टाकणं हा एक उपाय आहे आणि इंजिनला चालत असेल तर जरूर करा, १०० डिग्रीला १२.५ ते १६.३ मिळतं, पण त्याने उष्णता कुठे जात नाही, फक्त थोडी जास्त जागा मिळते.

टार्गेट ठरवलं ट्रॅकवर १०५ ते ११५. याच्या खाली मुद्दाम नाही. ऑईल कमी तापलं तरी नुकसान आहे हे फार कमी वेळा बोललं जातं. कंबशनमधून ऑईलमध्ये पाणी आणि थोडं पेट्रोल उतरत असतं, ते उडून जायला ऑईल नीट तापायला लागतं, सतत ७० वर फिरणारं ऑईल आतून गाळ करतं, आणि घट्ट ऑईल ढकलायला पंपाला ताकद जास्त लागते ती वेगळीच. म्हणून रोजच्या गाडीवर थर्मोस्टॅट नसलेला कूलर मी लावणार नाही, कोणीही लावू नये असं प्रामाणिक मत.

आता हिशोब, आणि इथे मला सगळ्यात मजा आली. समजा माझ्या वापरातल्या आरपीएमला कूलरमधून मिनिटाला ३० लिटर ऑईल जातंय. गरम ऑईल लिटरला ०.८ किलोच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ०.४ किलो. एक किलो ऑईल एक डिग्रीने गार करायला साधारण २.२ किलोज्यूल काढायला लागतात. म्हणजे कूलरच्या आत शिरताना आणि बाहेर पडताना ऑईलमध्ये फक्त १० डिग्रीचा फरक पाडायचा तरी जवळपास ९ किलोवॅट उष्णता हवेत टाकायची आहे. नऊ किलोवॅट! मोठा आकडा आहे हा. ती उष्णता घेताना हवा ३० डिग्रीने तापेल असं धरलं तर सेकंदाला ०.३ किलो हवा लागते, म्हणजे पाव घनमीटरपेक्षा थोडी जास्त. १०० च्या स्पीडला हवा सेकंदाला जवळपास २८ मीटरने येते, तर ही सगळी हवा पूर्ण वेगाने आत शिरली असं मानलं तरी हवा आत घेणारं तोंड कमीत कमी ९५ चौरस सेंटिमीटरचं हवं, आणि पूर्ण वेगाने ती कधीच शिरत नाही कारण कोअर अडवतो, त्यामुळे मी दीडपट धरून १५० च्या आसपास तोंड ठेवतोय.

हा हिशोब कच्चा आहे, पण यातून एक गोष्ट लख्ख कळली. १९ रोच्या कोअरची हवेसमोरची बाजू २३५ गुणिले साधारण १४७ मिमी, म्हणजे ३४५ चौरस सेंटिमीटर. २५ रोची ४५० च्या वर. माझ्या बंपरमध्ये स्वच्छ हवा मिळणारी जागा १५० चौरस सेंटिमीटरची आहे, मग मागे २५ रो लावून हवा वाढणार आहे का? नाही. मोठ्या कोअरला तेवढीच हवा दिली तर थोडा फायदा होईल, पण त्याच्यासाठी वजन, जास्त ऑईल आणि कोअर वाकडातिकडा बसवणं हे सगळं घ्यायचं. छोटा कोअर आणि चारी बाजूंनी सील केलेला डक्ट (हवा कोअरपर्यंत नेणारी वाहिनी) हा जास्त चांगला सौदा. हवेला कोअरच्या बाजूने निसटायला फट मिळाली की ती तिथूनच जाते, फिनमधून (कोअरच्या पातळ पत्र्यांमधून) जायचे कष्ट घेत नाही.

कोअरच्या प्रकारांवर फार वेळ घालवला नाही. ट्यूब अँड फिन स्वस्त आणि साधा, पण तेवढ्याच जागेत उष्णता कमी काढतो. स्टॅक्ड प्लेटमध्ये प्रत्येक प्लेटच्या आत टर्ब्युलेटर असतात, ते ऑईलला घुसळत ठेवतात, नाहीतर भिंतीला चिकटलेलं ऑईल गार होतं आणि मधलं तसंच गरम निघून जातं. बार अँड प्लेट दणकट पण जड. सेट्रॅब, मोकल ही मंडळी स्टॅक्ड प्लेटमध्ये वर्षानुवर्षं आहेत आणि त्यांचे साईज, थ्रेड, ब्रॅकेट सगळं ठरलेलं असतं, उद्या दगड लागून कोअर गेला तर तसाच परत मिळतो, हा माझ्यासाठी मोठा मुद्दा. वापरलेला कोअर मात्र अजिबात नाही, कितीही चकाचक दिसला तरी. ज्या इंजिनाचं बेअरिंग गेलंय त्याच्या कूलरमध्ये धातूचा भुसा अडकून बसलेला असतो, त्या टर्ब्युलेटरमधून तो धुऊन पूर्ण निघाला याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि सुटला की थेट आपल्या इंजिनात.

जागेवर खूप डोकं खाजवलं. सोपी जागा म्हणजे रेडिएटरच्या पुढे, हवा आयती मिळते. पण मग रेडिएटरला आधीच तापलेली हवा जाते, आणि दोन कोअर एकामागे एक आले की हवेला अडथळाही वाढतो. माझ्या कूलंटला मार्जिन आहे, तरी ते मार्जिन कडक उन्हाळ्यासाठी ठेवायचंय. फेंडरची कल्पना काही नवीन नाही, पोर्शे ९११ एस ला १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या उजव्या फेंडरमध्ये जादा ऑईल कूलर होता आणि इंजिन मागे असूनही त्यांनी लाईन पुढपर्यंत आणली होती. फेंडरचा खरा फायदा हवा बाहेर जायला आहे. चाकाच्या कमानीत काही ठिकाणी प्रेशर कमी मिळतं, लायनरला (चाकाभोवतीच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला) योग्य जागी जाळीची खिडकी केली की हवा ओढली जाते. नुसता पुढून भोक पाडून कोअर लावला आणि मागे लायनर बंद ठेवला तर पुढे कितीही मोठं तोंड करा, हवा तुंबूनच राहणार.

या जागेचे तोटेही आहेत, लपवत नाही. टायर दगड फेकतो म्हणून कोअरच्या दोन्ही बाजूंना जाळी लागेल. स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर आणि होजमधलं अंतर तपासायला लागेल, ते मी स्प्रिंग काढून जॅकने हब वर उचलून करणार आहे. आणि कोअर रबर माऊंटवरच, कारण ॲल्युमिनियमचा कोअर बॉडीला कडक बोल्ट केला की व्हायब्रेशनने कधी ना कधी तडकतो.

वॉटर-ऑईल एक्स्चेंजरचा विचार गंभीरपणे केला होता. थंडीत ऑईल लवकर तापवतो, इंजिनजवळ बसतो, लांब होज नकोत. ज्याची गाडी मुख्यतः रस्त्यावर असते त्याला मी तोच सुचवेन. पण ती सगळी उष्णता शेवटी रेडिएटरवरच येते, आणि ऑईल कूलंटच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. ट्रॅकच्या दृष्टीने हवेचा बरा वाटला.

होजचं नंबरिंग इंचाच्या सोळाव्या भागात असतं, डॅश १० म्हणजे १०/१६, पाच अष्टमांश इंचाची लाईन. आतला खरा व्यास साधारण १४ मिमी, डॅश ८ चा ११. फरक छोटा वाटतो पण प्रेशर ड्रॉप व्यासाच्या जवळपास चौथ्या घाताने बदलतो, तर डॅश ८ मध्ये अडीच पटीच्याही वर जातो. म्हणून डॅश १० वर तडजोड नाही, आणि ९० डिग्रीचे एल्बो जिथे लागतील तिथे गोल वाकवलेल्या ट्यूबचेच, आतून काटकोनात ड्रिल केलेले नकोत. स्टीलच्या जाळीचा होज ज्याला घासेल त्याला करवतीसारखा कापतो, त्यामुळे नायलॉन ब्रेडेड घेतला आणि प्रत्येक ठिकाणी रबर लावलेले क्लॅम्प. जाऊन-येऊन तीन मीटर होज धरला तर त्यातच जवळपास अर्धा लिटर ऑईल बसतं, कोअरचं वेगळं.

कोअरची तोंडं (जिथे होज जोडतात ती) वरच्या बाजूला ठेवतोय, म्हणजे हवा अडकत नाही. आडवा लावला असता तर ऑईल खालून आत आणि वरून बाहेर. तोंडं खाली करून लावू नका, वरच्या कोपऱ्यात हवा बसून राहते आणि तेवढा कोअर फुकट जातो.

सँडविच प्लेट साधारण ८० डिग्रीला उघडायला लागणारी घेतली. बंद असतानाही ती थोडं ऑईल कूलरमधून फिरवत ठेवते, त्यामुळे उघडल्यावर थंडगार ऑईलचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. प्लेटमुळे फिल्टर खाली सरकतो, तेव्हा घ्यायच्या आधी फिल्टर आणि सबफ्रेममधली जागा मोजून घ्या. माझ्याकडे बसतोय, पण फार मोकळा नाही, छोट्या उंचीचा फिल्टर वापरावा लागेल असं दिसतंय. टेम्परेचर सेन्सर कूलरच्या आधी आणि प्रेशर सेन्सर कूलरच्या नंतर, म्हणजे इंजिनला प्रत्यक्षात जे प्रेशर मिळतंय ते दिसेल. कूलरहून परत येणाऱ्या लाईनमध्ये दुसरा टेम्परेचर सेन्सर टाकायचा विचार पक्का झालाय, कारण वरचा १० डिग्रीचा हिशोब खरा की खोटा ते त्याशिवाय कळणार नाही.

सध्या डक्ट पुठ्ठ्यात कापून बसवून बघतोय. तोंड छोटं, मग हळूहळू रुंद होत कोअरपर्यंत, एकदम रुंद केला तर हवा भिंतीपासून सुटते आणि कोअरच्या मधल्या भागातूनच जाते. आकार पटला की ॲल्युमिनियमच्या पत्र्यात करेन, कडेला फोमची पट्टी. त्यानंतर पहिल्यांदा भरताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारायचा, प्रेशर आलं की मग सुरू, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करायचं, बंद करून लेव्हल परत बघायची आणि प्रत्येक जॉईंट टॉर्च घेऊन तपासायचा. फेंडरमध्ये कूलर लावून लायनरला खिडकी केलेली कोणाकडे असेल तर ती नक्की किती उंचीवर केली आणि पावसात चिखल किती आत येतो ते सांगा, लायनर कापायच्या आधी मला तेवढंच जाणून घ्यायचंय.