बाकीचे कुठं गेले?

१४ जुलै, वडगाव

चार दिवस झड लागलीय. बाबा सकाळीच प्लॅस्टिकची खोळ घेऊन शिवारात गेले. बळ्ळारी नाला तुंबला की आमच्या भातात पाणी घुसतं, म्हणून त्यांनी बांधाला एक काठी रोवलीय. काठीला सुतळीच्या गाठी मारल्यात. काल पाणी पहिल्या गाठीला होतं, आज दुसरी बुडाली. यंदाही दुबार पेरणी करावी लागते की काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मला नेदरलँड्सच्या अभ्यासदौऱ्यावरून येऊन दहा दिवस झाले. बॅग अजून अर्धी भरलेलीच आहे. शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय आणि फॉर्मवर एक रकाना आहे, ‘भेटलेलं पर्यावरणीय नेतृत्व’. बाकीच्यांनी कुणाकुणा अधिकाऱ्यांची नावं घालून टाकली. माझा रिकामा आहे.

सायकली, पवनचक्क्या, थंडी यावर सगळेच लिहितील. एवढं मात्र लिहून ठेवते की वाटेत बार्ले गावात थांबलो. तिथं नेदरलँड्स आणि बेल्जियमची सीमा फुटपाथवरून, दुकानांतून, घरांतून जाते. पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. सगळे एक पाय इकडं, एक तिकडं ठेवून फोटो काढत होते. मी बेळगावची, मला काय त्याचं!

माझ्या डोक्यातून जात नाही ते ओव्हरडीप पोल्डर. पोल्डर म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेली सखल जमीन. १९९५ च्या पुरात तिकडं सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर नुसते बांध चढवत न बसता नदीलाच जागा द्यायची, असं त्यांनी ठरवलं. नाइमेखेनला तर वाल नदीचा बांध उचलून ३५० मीटर मागं नेलाय. ओव्हरडीपमध्ये नदीकाठचा बांध खाली उतरवला. मोठा पूर आला की पाणी मुद्दाम आत घ्यायचं. घरं आणि गोठे भराव घालून केलेल्या आठ उंचवट्यांवर, साधारण सहा मीटर वर. आम्ही अशाच एका उंचवट्यावर उभे होतो. मुरघासाचा आंबूस वास, ओळीनं रवंथ करणाऱ्या गाई, आणि खाली सगळं सपाट हिरवं. ही उंचवट्यांची कल्पना तिथल्या शेतकऱ्यांनीच मांडलेली, हे ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. आमच्याकडं नाल्याचा गाळ आणि जलपर्णी काढा म्हणून नुसतं निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, पेपरात यायचा, की झालं.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं, तिथं पाण्याचं वेगळं मंडळ असतं, त्याची वेगळी निवडणूक होते, लोक त्याला वेगळी पट्टी भरतात.

“पाणी येऊ नये म्हणून पाणीपट्टी?” बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. आईला हसू आवरेना.

मग मोबाईलवर त्या आठ उंचवट्यांचा फोटो दाखवला. बाबांनी तो बोटांनी मोठा केला, सरकवून सरकवून सगळा पाहिला.

“आधी किती घरं होती तिथं?”

याच्या दुप्पट असतील, म्हटलं.

“मग बाकीचे कुठं गेले?”

मला सांगता येईना. वर्गात हाच फोटो दाखवून मी दहा मिनिटं बोलले होते, टाळ्याही पडल्या होत्या. दुपटीचा आकडा वहीत होता, पण स्लाईडवर मी घेतला नव्हता. विसरले नव्हते. गोष्ट छान रंगत होती, तिथं तो आकडा नको वाटला. आमच्या वडगावात असं काही करायचं ठरलं तर राहणाऱ्यांत आम्ही असू की जाणाऱ्यांत? अडीच एकरवाल्याला उंचवटा कोण देतंय!

जेवण झाल्यावर तिथल्या मार्गदर्शक बाईंना मेल लिहायला बसले. जे गेले ते कुठं गेले, जमिनीचा मोबदला किती मिळाला, स्वतःहून गेले का. बाबा माझ्या मागं उभे राहून स्क्रीनकडं बघत होते.

“त्यांच्या गाईंचं काय केलं, तेही विचार,” म्हणाले.

तेही लिहिलं.