घाटातल्या बोगद्यांत चालणारे ॲप
आज पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबईला जाताना लेकीसाठी टॅब्लेटवर मोजकीच ॲप ठेवली होती. इगतपुरी सुटल्यावर थळ घाटातील बोगद्यांत नेटवर्क जाते, त्यामुळे इंटरनेटविना न चालणारे ॲप तिथे निरुपयोगीच. शिवाय फुकटच्या ॲपमध्ये मधूनच जाहिरात उगवली, की चिमुकले बोट नेमके तिच्यावरच पडते. म्हणून जाहिराती नसलेले ‘खान अकॅडमी किड्स’ आणि बोट फिरवले की रंग उमटणारे एक साधे ॲप एवढेच ठेवून स्क्रीन पिनिंग, म्हणजे उघडलेल्या ॲपमधून मुलाला सहज बाहेर पडता येऊ न देणारी सोय, सुरू केले. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. आमच्या कन्येने मात्र कसाऱ्याआधीच टॅब्लेट बाजूला सारून शेजारच्या आजींच्या चिवड्याच्या डब्याकडे मोर्चा वळवला.